मिठाच्या पिशवीवर तारीख लिहा : स्वयंपाकघरातली रिसर्च मेथडॉलॉजी



पेटच्या मुलाखतीची तयारी करताना तुमच्यापैकी बऱ्याच जणांना एक प्रश्न हमखास अडतो. "मेजरमेंट एरर म्हणजे काय, उदाहरण द्या." आपण पुस्तकातली व्याख्या म्हणून दाखवतो आणि उदाहरणाला गाडी थांबते. आज मी तुम्हाला एक उदाहरण देतो, ते आमच्या घरच्या मिठाच्या डब्यातलं आहे. सोबत घरच्या जेवणात करता येतील असे काही साधे बदलही सांगतो. वाचून झालं की दोन्ही गोष्टी कामाला येतील.

सुरुवात कुठून झाली

मागच्या वर्षी उन्हाळ्यात आई दाढ दाखवायला दंतवैद्याकडे गेली. दाढ काढण्याआधी त्यांनी बीपी बघितलं, तर १५८/९८. आईला काहीच त्रास होत नव्हता. डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती. दोन-तीन वेळा वेगवेगळ्या दिवशी तपासलं, आकडे तसेच आले. डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि एवढंच म्हणाले, "मीठ कमी करा."

मी बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. केलेला, पीएच.डी.चं चौथं वर्ष. म्हटलं, हा तर आपला विषय. हॉस्टेलवरून घरच्या ग्रुपवर तीन पेपरच्या पीडीएफ पाठवल्या. आईने अंगठा दाखवला. पुढच्या सुट्टीत कराडला गेलो तर आमटी तशीच होती. मी जेवताना बोललो, "आई, लोणचं आणि पापड बंद करायला हवं." त्यावर आई म्हणाली, "तू कधी आमटीत मीठ घातलंयस का? मी घालते ते बेतानंच घालते."

माझ्याकडे या वाक्यावर उत्तर नव्हतं. कारण "बेतानं" म्हणजे किती ग्रॅम, हे तिलाही माहीत नव्हतं आणि मलाही. माझ्याकडे पेपर होते, डेटा नव्हता. लोणचं हाच दोषी आहे, हे तर मी नुसतंच गृहीत धरलं होतं.

मोजायचं कसं?

एखादी व्यक्ती रोज किती मीठ खाते हे नीट मोजायचं असेल तर २४ तासांची लघवी गोळा करून तिच्यातलं सोडियम मोजतात. खाल्लेलं बहुतेक सोडियम लघवीतून बाहेर पडतं, म्हणून ही पद्धत विश्वासार्ह मानतात. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या इंटरसॉल्ट या मोठ्या अभ्यासात ३२ देशांतल्या दहा हजारांहून जास्त लोकांचं सोडियम याच पद्धतीने मोजलं होतं.

आता घरात आजीला २४ तासांचा कॅन देऊन बघा काय होतं ते! त्यामुळे मी सोपी पद्धत घेतली. एक किलो मिठाची नवीन पिशवी फोडली त्या दिवशी तिच्यावर मार्करने तारीख लिहिली. पिशवी संपेल त्या दिवशी बहिणीने मला मेसेज करायचा. बस.

हिशोब असा. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. आपल्याकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यातही मर्यादा ५ ग्रॅमचीच आहे. घरात चार माणसं (आई, बाबा, आजी, बहीण) म्हणजे दिवसाला २० ग्रॅम. म्हणजे एक किलोची पिशवी ५० दिवस पुरायला हवी.

आमची पिशवी २४ दिवसांत संपली.

पहिला आकडा लगेच खरा मानू नका

१००० भागिले २४ गुणिले ४, म्हणजे माणशी १०.४ ग्रॅम. मी हा आकडा घेऊन आईला फोन लावणारच होतो. पण आपल्या गाइड नेहमी म्हणतात तसं, निकाल मनासारखा आला की आधी चुका शोध. शोधल्यावर तीन सापडल्या.

पहिली चूक लोणच्याची. महिना मे होता. आईने त्याच पिशवीतलं साधारण २५० ग्रॅम मीठ कैरीच्या लोणच्याला वापरलं होतं. ते त्या २४ दिवसांत कोणाच्या पोटात गेलेलं नाही, वर्षभर जाणार आहे. ते वजा केलं पाहिजे.

दुसरी चूक पाहुण्यांची. मामाकडची चार माणसं दोन दिवस राहून गेली होती. म्हणून भागाकार दिवसांनी न करता माणूस-दिवसांनी करायचा. २४ गुणिले ४ म्हणजे ९६, अधिक पाहुण्यांचे ८, एकूण १०४ माणूस-दिवस. साथरोगशास्त्रात हा शब्द तुम्हाला पुढे सारखा भेटेल, आताच ओळख करून घ्या.

तिसरी चूक सगळ्यात मजेशीर. आजीची सैंधवाची वेगळी बरणी आहे. ती ताकात, काकडीवर, उपवासाला तेच घेते. आजीच्या मते ते "मीठ" नाहीच, त्यामुळे ते कोणी मोजलंच नव्हतं. खरं तर सैंधवही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच असतं, रक्तदाबाच्या दृष्टीने फरक नाही. उलट बाजारातल्या बऱ्याच सैंधवात आयोडीन घातलेलं नसतं. अंदाजे १५० ग्रॅम सैंधव त्या दिवसांत संपलं होतं.

आता परत करा : १००० वजा २५० अधिक १५० म्हणजे ९००. भागिले १०४. उत्तर ८.६५ ग्रॅम.

२०१७-१८ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात भारतीय प्रौढांचं सरासरी मीठ दिवसाला ८ ग्रॅमच्या आसपास आलं होतं. म्हणजे आमचं घर काही जगावेगळं नव्हतं. आईचं "बेतानं" हे चारचौघांसारखंच होतं, फक्त चारचौघांचंच जास्त आहे.

अजूनही या आकड्यात चूक आहेच. ताटात उरलेली आमटी टाकून दिली की आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. बाबांचा ऑफिसबाहेरचा वडापाव आणि संध्याकाळचं फरसाण यात धरलेलंच नाही, त्यामुळे आकडा कमी दिसतो. मुलाखतीत हे वाक्य लक्षात ठेवा : माप चुकणारच, पण ते कोणत्या दिशेने चुकतंय हे आपल्याला सांगता आलं पाहिजे.

मग मीठ जातं कुठे?

इथे माझी चांगलीच जिरली. लोणच्यातलं २५० ग्रॅम मीठ चार माणसांत वर्षभर वाटलं तर माणशी दिवसाला जेमतेम ०.१७ ग्रॅम पडतं. आणि आई कणकेत रोज एक चमचा मीठ घालते, ते वजन केल्यावर ५ ग्रॅम भरलं. म्हणजे माणशी १.२५ ग्रॅम. लोणच्याच्या सातपट मीठ पोळीतून जात होतं, आणि पोळी काही कोणाला खारट लागत नाही!

ज्याच्यावरून मी भांडत होतो ते लोणचं आमच्या घरात किरकोळ होतं. (कोणी रोज चार फोडी खात असेल तर त्याचा हिशोब वेगळा येईल. तुमच्या घरचं तुम्ही मोजा.) मी आईला फोन करून आधी हे कबूल केलं. त्यानंतर ती माझं ऐकायला लागली.

आम्ही केलेले बदल

१. कणकेतलं आणि भातातलं मीठ बंद. पोळी आपण भाजी-आमटीबरोबरच खातो, तिला वेगळी चव लागत नाही. पहिले तीन-चार दिवस बाबा कुरकुरले, नंतर कोणाच्या लक्षातही राहिलं नाही.

२. ताटातलं मीठ बंद. आपल्याकडे ताट वाढताना लिंबाशेजारी चिमूटभर मीठ वाढायची पद्धत आहे. ते समोर असतं म्हणून बोट जातं. आता लिंबू वाढतो, मीठ मागेल त्याला देतो. फारसं कोणी मागत नाही.

३. चिमटीऐवजी चमचा. आईची चिमूट आणि बहिणीची चिमूट वेगळी. मिठाच्या डब्यात एकच छोटा चमचा ठेवला आणि तो सपाट भरून घ्यायचा. हे म्हणजे उपकरणाचं कॅलिब्रेशनच झालं.

४. आंबट वाढवलं. लिंबू, आमसूल, चिंच, वरून भाजलेल्या जिऱ्याची पूड, कोथिंबीर. आमटीला आंबट आणि वास नीट असला की मीठ थोडं कमी पडलेलं जाणवत नाही.

५. कोशिंबिरीला मीठ वाढताना. काकडी आधी मीठ लावून ठेवली की ऑस्मोसिसने पाणी सुटतं, ते पाणी आपण पिळून टाकतो आणि परत मीठ घालतो. जेवायला बसताना घातलं तर एकदाच आणि कमी लागतं.

६. हळूहळू. एकदम निम्मं केलं तर घरात बंड होतं. थोडं थोडं कमी केलं की जीभ काही आठवड्यांत सरावते आणि मग बाहेरचंच खारट लागायला लागतं.

पाकिटावरचं लेबल वाचायलाही शिका. तिथे मीठ लिहिलेलं नसतं, सोडियम लिहिलेलं असतं. सोडियमचं वस्तुमान २३, सोडियम क्लोराइडचं ५८.५. म्हणजे मिठात साधारण ३९ टक्के सोडियम. म्हणून सोडियमचा आकडा अडीचने गुणायचा. पाकिटात ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल तर ते २ ग्रॅम मीठ झालं. हॉस्टेलवर रात्री नूडल्स खाणाऱ्यांनी हे एकदा करूनच बघा. आणि हो, खाण्याच्या सोड्यातही २७ टक्के सोडियम असतं. हरभरे शिजवताना चमचाभर सोडा टाकायची सवय असेल तर त्यापेक्षा ते रात्रभर भिजवा.

दुसरी पिशवी

जूनच्या शेवटी फोडलेली पिशवी ३९ दिवस पुरली. बहीण चार दिवस मैत्रिणीकडे होती, म्हणून माणूस-दिवस १५२. या वेळी आजीने स्वतःहून सैंधव वजन करू दिलं, ते ६० ग्रॅम निघालं. १०६० भागिले १५२ म्हणजे ६.९७, त्यात बरणीतल्या लोणच्याचे ०.१७. एकूण ७.१ ग्रॅम.

८.६५ वरून ७.१. पाच ग्रॅम झाले नाहीत, पण माणशी दीड ग्रॅम कमी झालं.

आता तुम्ही परीक्षक आहात असं समजा. या निष्कर्षावर काय आक्षेप घ्याल? मला दोन दिसतात. एक, ऋतू. मे महिन्यात आमच्याकडे रोज ताक आणि पन्हं असतं, त्यात मीठ जातं. पावसाळ्यात ते बंद झालेलं. म्हणजे दीड ग्रॅमपैकी काही वाटा नुसता हवामानाचा असू शकतो. दोन, आपल्यावर लक्ष आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं. माणसं पाहिली जात असली की वेगळी वागतात, याला हॉथॉर्न इफेक्ट म्हणतात. म्हणूनच पुढच्या मे महिन्यात परत पिशवीवर तारीख लिहायची असं आम्ही ठरवलंय.

आईचं बीपी कमी झालं का?

झालं. ऑगस्टमध्ये १३४/८६ होतं.

पण ते मीठ कमी केल्यामुळे झालं असं मी लिहिणार नाही. कारण त्याच काळात तिची गोळी सुरू झाली होती, पुढे एकदा डोसही बदलला, आणि ती बाबांबरोबर सकाळी चालायलाही जायला लागली होती. तीन गोष्टी एकदम बदलल्या, एकच माणूस, तुलनेला दुसरं कोणी नाही. यालाच कन्फाउंडिंग म्हणतात. आमच्या घरच्या प्रयोगाने मीठ किती वापरलं जातं एवढंच कळलं. मिठाचा रक्तदाबावर काय परिणाम होतो, याचं उत्तर त्यातून मिळत नाही.

त्या दुसऱ्या प्रश्नासाठी रँडमाइज्ड चाचण्यांकडे जावं लागतं. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॅश-सोडियम चाचणीत ४१२ जणांना तयार जेवण देऊन, त्याच माणसांना महिना-महिना सोडियमच्या तीन वेगवेगळ्या पातळ्यांवर ठेवलं, आणि कोणती पातळी आधी हे चिठ्ठीसारखं यदृच्छेने ठरवलं. सोडियम जसं कमी केलं तसा रक्तदाब उतरत गेला. चीनमधल्या ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेली दुसरी चाचणी २०२१ मध्ये आली. निम्म्या खेड्यांना नेहमीचं मीठ चालू, निम्म्यांना २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं मीठ. दुसऱ्या गटात पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी झालं.

हे वाचून कोणी लगेच पोटॅशियमवालं मीठ आणायला धावू नका. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा रक्तदाबाच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील तर शरीरात पोटॅशियम साठून धोका होऊ शकतो. आधी डॉक्टरांना विचारा. आणि मीठ कमी केलं म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नका. आईनेही हा विचार एकदा बोलून दाखवला होता. त्या दिवशी मी तिला पीडीएफ पाठवली नाही, सरळ तिच्याबरोबर डॉक्टरांकडे गेलो.

तेल, चहा आणि कालचा भात

ही पिशवीची पद्धत बाकी ठिकाणीही चालते. थोडक्यात सांगतो.

तेल : वरून घ्यायचं तेल-तूप माणशी दिवसाला २५ ते ३० ग्रॅमच्या आसपास असावं असं धरा. पाच लिटरच्या डब्यात साधारण साडेचार किलो तेल बसतं. चार माणसांना तो ३८ ते ४५ दिवस पुरायला हवा. डब्यावर तारीख लिहा, बाकी आकडा बोलेल. तळणाचं उरलेलं तेल परत परत तापवू नका. गाळून एक-दोन दिवसांत फोडणीला संपवा, त्यात नवीन तेल ओतून कढई तशीच ठेवू नका.

चहा : २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. पालेभाजी आणि कडधान्यातलं लोह शरीर मुळात कमी शोषतं. चहातले टॅनिन ते आणखी अडवतात, तर क जीवनसत्त्व त्याला मदत करतं. म्हणून पोह्यांवर, उसळीवर लिंबू पिळा आणि चहा जेवणानंतर तासाभराने घ्या. लायब्ररीत पोह्यांबरोबरच चहा ढोसणाऱ्या माझ्या अभ्यासू मैत्रिणींनो, हे तुमच्यासाठी.

भाजी : आधी धुवा, मग चिरा. चिरून पाण्यात ठेवली की क जीवनसत्त्व पाण्याबरोबर जातं. कमी पाण्यात, झाकण ठेवून शिजवा.

भात : उरलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवून सकाळी फोडणी देणारे रूमवर बरेच असतात. बॅसिलस सेरेयस या जिवाणूचे स्पोअर शिजवण्यातून वाचतात, गरम हवेत ठेवलेल्या भातात ते वाढतात आणि उलट्या करणारं विष तयार करतात. ते विष परत गरम केल्याने जात नाही. भात पसरट भांड्यात लवकर गार करा आणि फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिज नसेल तर लागेल तेवढाच लावा.

तुमच्यासाठी गृहपाठ

आज घरातल्या मिठाच्या पिशवीवर तारीख लिहा. घरी नसाल तर फोन करून सांगा. सोबत एका वहीत हे लिहून ठेवा : घरात माणसं किती, पाहुणे कधी आले, मीठ आणखी कुठल्या बरणीत आहे, बाहेरचं खाणं कोणाचं किती. पिशवी संपली की हिशोब करा आणि त्याखाली "या मापातल्या चुका" असं शीर्षक देऊन निदान तीन चुका लिहा. प्रबंधात पुढे जे लिमिटेशन्सचं प्रकरण लिहायचं असतं, त्याचा हा सराव समजा.

आणि एक विनंती. हे करताना घरात जी व्यक्ती रोज स्वयंपाक करते तिला आधी विचारा, कुठे किती मीठ पडतं ते. मी ते सगळ्यात शेवटी केलं. आईला विचारलं असतं तर कणकेचा चमचा मला पहिल्याच दिवशी कळला असता.

पुढच्या लेखात रँडमायझेशन म्हणजे नक्की काय, ते सोप्या भाषेत बघू. तोपर्यंत अभ्यास चालू ठेवा, आणि जेवण वेळेवर करा.